जमीन मुळशीची, वीज मुंबईची : पारनेरच्या सेनापती बापटांनी लढलेली लढाई

पारनेर : १२ नोव्हेंबरला जयंती आणि २८ नोव्हेंबरला पुण्यतिथी. वर्षातून या दोन दिवशी सेनापती बापटांची आठवण निघते. स्टेटसला फोटो लागतात, प्रतिमेला हार पडतो. पण हे सेनापती नेमके कोणत्या फौजेचे, असं एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारलं तर बहुतेक वेळा तो स्वातंत्र्यलढ्यातले असं सांगून मोकळा होतो. ते खरंच आहे, पण अर्धं. बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती शेतजमिनीच्या लढाईत. ती फौज होती मुळशीच्या भातखाचरांत राबणाऱ्या मावळ्यांची, आणि समोर फक्त इंग्रज सरकार नव्हतं. समोर एक देशी कंपनी होती आणि मुंबईची विजेची भूक होती.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. पोरगा हुशार निघाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, बी.ए. झाला आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये थेट स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात पोचला. शिकायचं होतं मेकॅनिकल इंजिनिअरिंग. त्या काळात पारनेरहून नगरला जाणंसुद्धा बैलगाडीचा प्रवास होता, हे लक्षात घेतलं तर ही झेप किती मोठी ते कळतं.

तिथं यंत्रं शिकता शिकता बापट राजकारणात ओढले गेले. इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली यावर त्यांनी तिथंच जाहीर भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, सावरकरांची संगत, आणि पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकणं. १९०८ मध्ये ते परत आले. त्याच वर्षी बंगालात अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदारानं त्यांचं नाव घेतलं आणि बापट भूमिगत झाले. चार वर्षं ते कुणाच्या हाती लागले नाहीत. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरावा पुरेसा नव्हता म्हणून शेवटी सुटले.

सुटल्यावर ते पारनेरला आले आणि त्यांनी एक वेगळंच काम हाती घेतलं. गावचे रस्ते झाडायचे, घाण उचलायची. विलायतेत शिकून आलेला ब्राह्मणाचा मुलगा हातात झाडू घेऊन गल्ली साफ करतो, हे त्या काळच्या गावाला पचायला जड होतं. बापटांनी मात्र ते काम सोडलं नाही, पुढे आयुष्यभर करत राहिले. मधल्या काळात पुण्यात टिळकांच्या मराठा या इंग्रजी साप्ताहिकात काम केलं. मुंबईत झाडू कामगारांच्या संपात उतरले. अंदमानातले राजबंदी सुटावेत म्हणून फिरले. आणि मग १९२१ साल उजाडलं.

आता मुळशी काय प्रकरण होतं ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण आज जिथं जिथं रस्ता, एमआयडीसी किंवा धरण यासाठी जमिनीची मोजणी सुरू होते, तिथं हीच गोष्ट थोड्याफार फरकानं पुन्हा घडते.

मुंबईच्या कापड गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा यायचा लांबून, बंगालकडून. वाहतूक महाग, वर शहरावर धुराचं छत. दुसरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस असा कोसळतो की नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला खोटं वाटावं. हे पाणी घाटमाथ्यावर अडवायचं, बोगद्यातून आणि नळांतून कोकणात खाली सोडायचं, त्या जोरावर चाकं फिरवायची आणि तारेनं वीज मुंबईला न्यायची, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ मध्ये वारले. त्यांच्या मागं कंपनीनं लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधले आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मग आंध्रा खोऱ्यातली योजना आली. तिसरी नजर पडली ती मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर, तेव्हाच्या मुळशी पेट्यात.

या खोऱ्यात पन्नासच्या वर गावं होती. जमीन भाताची. त्यातही आंबेमोहोर, ज्याच्या वासावरून कुणाच्या घरात भात शिजतोय ते कळावं असा. भातखाचर काय असतं ते बाजरी-ज्वारीच्या मुलखात चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडं नांगर घातला की रान तयार. तिथं डोंगर उतारावर बांध घालून, माती वाहून आणून, पाणी थांबेल अशी सपाट पायरी तयार करावी लागते. एक खाचर जमायला पिढ्या जातात. वरच्या उतारावरची वरकस जमीन म्हणजे नाचणी-वरईची, तिच्यावर पोट भरत नाही. धरणात जाणार होती ती तळातली, सगळ्यात चांगली जमीन. वर राहणार होता तो दगड.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीवरून झाली असं सांगतात. कंपनीच्या माणसांनी चाचणीसाठी शेतात चर खणायला घेतले. जमीन कुणाची, त्याला विचारलंय का, काही नाही. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली तर साहेबानं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. खोऱ्यात बातमी पसरली. सभा झाल्या, पुण्यात माणसं गेली, पुढाऱ्यांना भेटली. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोक उभे केले, हे नाव विसरून चालणार नाही. शेतकऱ्यांनी शपथ घेतली की जीव जाईल पण जमीन सोडणार नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायाही होत्या. काम बंद पडलं. कंपनीच्या माणसांनी दमदाटी केली, मारहाण केली, पण माणसं हलली नाहीत. गांधीजींनीही टाटांना जाहीरपणे सुचवलं की गरीब शेतकऱ्यांच्या इच्छेविरुद्ध भूसंपादन कायद्याचा बडगा वापरू नका. काही महिने काम थांबलं. खोऱ्याला वाटलं, जिंकलो.

पण कायदा कंपनीच्या बाजूनं उभा होता. १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक कारणासाठी सरकार कुणाचीही जमीन घेऊ शकतं, हे त्यात होतंच. त्याशिवाय कंपनीसाठी जमीन कशी घ्यायची त्याचा वेगळा भाग होता. मालकानं नाही म्हणायची सोयच नव्हती. तक्रार करायची तर ती पैशाच्या आकड्याबद्दल, जमीन द्यायची की नाही याबद्दल नाही.

आणि इथं लढ्याला पहिली फट पडली. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनीवर पुण्यातल्या सावकारांची नावं होती. कर्जापायी जमीन गेली, कुळ म्हणून कसत राहिले, असं घरोघरी. धरण आलं तर सावकाराला काय फरक पडणार? उलट अडकलेला पैसा रोख हातात येणार. म्हणून सावकार मंडळी मोबदल्यावर राजी झाली. कसणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं किंवा असलं तरी बोजा चढलेला होता. जमीन गेली की त्याचं सगळंच गेलं. एकाच शेतात दोन माणसांचे हिशोब वेगळे होते. एकाला ती गुंतवणूक होती, दुसऱ्याला चूल.

पुण्याच्या पुढाऱ्यांतही दोन मतं पडली. काहींना वाटत होतं, भांडून भांडून मोबदला वाढवून घ्यावा आणि मिटवावं. शिवाय एक अवघड प्रश्न होता. टाटा म्हणजे देशी उद्योग. स्वदेशीच्या घोषणा देणाऱ्यांनी देशी कारखानदाराला विरोध कसा करायचा? वीज झाली तर हजारो हातांना काम मिळेल, हे म्हणणंही खोटं नव्हतं. बापट स्वतः इंजिनिअरिंग शिकलेले, यंत्राशी त्यांचं वैर असायचं कारण नव्हतं. त्यांचा प्रश्न सरळ होता. हजारो लोकांची शेतं आणि घरं त्यांच्या मर्जीविरुद्ध घेण्याचा अधिकार कुणाला आहे का? घेणारा गोरा असो की आपला, यानं उत्तर बदलत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे इतक्या स्पष्टपणे धरून ठेवणारी माणसं फार थोडी होती.

काम परत सुरू झालं तशी लढाई तापली. एक एक जण बाजूला होत गेला, तसतसा भार बापटांवर आला. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले आणि ते नाव कायमचं चिकटलं. धरणाच्या जागेवर जायचं, काम अडवायचं, पकडून न्यायचे, सुटून आले की परत जायचं, असा क्रम चालला. शंकरराव देवांसारखे कार्यकर्ते तुरुंगात गेले. मावळे गेले, बाया गेल्या. बापटही आत-बाहेर करत राहिले. तिकडं पावसाळा आला की पेरणी, लावणी. घरचा कर्ता माणूस तुरुंगात असेल तर आवणात उतरायचं कुणी? ज्यांनी शेती केलीय त्यांना हे सांगायला नको. सत्याग्रह मोडायला लाठीपेक्षा हंगाम जास्त उपयोगी पडतो. माणसं थकली. एकेकानं मोबदला उचलला. त्यांना दोष देणं आज खुर्चीत बसून सोपं आहे.

१९२४ संपत आलं तेव्हा लढा जवळपास संपला होता. बापटांना ते मान्य नव्हतं. डिसेंबरमध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांना घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. रुळांवर दगड टाकले, हातात हत्यारं होती, गोळीबार झाला. नंतर पळून जायची संधी असून ते पळाले नाहीत, स्वतः अटक करवून घेतली. हा मार्ग सगळ्यांना पटला नाही आणि तो पटावा असंही नाही. त्या गाडीवर काम करणारी माणसंसुद्धा पोटासाठीच आलेली होती. गांधीजींच्या अहिंसेच्या चौकटीत बापट कधी पुरते बसले नाहीत, हे त्यांनीही लपवलं नाही. शिक्षा लागली सात वर्षांची.

ते तुरुंगात असतानाच धरण पूर्ण झालं. १९२७ मध्ये कोकणातल्या भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि मुळशीचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळून मुंबईसाठी वीज बनवू लागलं. खाचरं, घरं, देवळं, पाणवठे पाण्याखाली गेले. काही लोक काठानं वर डोंगरावर सरकले, जिथं पीक येत नाही. काही देशोधडीला लागले. अनेकांनी मुंबईची वाट धरली. मुंबईचे डबेवाले आजही मोठ्या संख्येनं मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले आहेत. सगळे काही धरणामुळं गेलेले नाहीत. पण जमीन लहान आणि पोटं जास्त झाली की माणूस कुठं जातो, हे त्यावरून दिसतं.

१९३१ मध्ये बापट सुटले ते पन्नाशी गाठलेले. आता तरी घरी बसतील असं वाटावं. पण महाराष्ट्र काँग्रेसचं अध्यक्षपद आलं, एका भाषणावरून पुन्हा लांबलचक शिक्षा लागली आणि १९३७ पर्यंत परत आत. त्यानंतर सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये. तिथंही सत्ता, तिकीट, मंत्रिपद यांच्या वाटेला ते गेले नाहीत. योगी अरविंदांच्या मोठ्या ग्रंथाचं मराठी भाषांतर त्यांनी केलं. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही स्वस्थ नाही. १९५५ च्या मे महिन्यात गोवा मुक्तीसाठी नानासाहेब गोरे यांच्याबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते पोर्तुगीज हद्दीत शिरले. वय तेव्हा ७४. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर मोर्चाच्या पुढं ही पांढऱ्या दाढीची मूर्ती असायचीच. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या नावानं मग रस्ते झाले. पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना कंपन्यांची ऑफिसं, मोठी हॉटेलं, मॉल. मुंबईत तुळशी पाईप रोडचं नाव सेनापती बापट मार्ग झालं. हा रस्ता माहीम-दादरकडून लोअर परळला जातो, म्हणजे बरोबर गिरणगावातून. ज्या गिरण्यांना वीज पाहिजे म्हणून घाटावर धरणं बांधली, त्यातल्या कितीतरी गिरण्या याच भागात होत्या. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर एक एक गिरणी बंद पडत गेली. भोंगे थांबले, जमीन राहिली. मग त्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आला. १९९१ च्या नियमात ठरलं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. इमारती उभ्या होत्या त्या जागेचा वाटा गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २००६ मध्ये बदल कायम राहिला. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. दोन्हींचा पत्ता सेनापती बापट मार्ग.

तिकडं मुळशी तालुक्यात हिंजवडीला आयटी पार्क उभं राहिलं, पिरंगुटला कारखाने आले. बंगल्यांच्या स्कीमा डोंगराच्या कडेकडेनं चढल्या. लवासा हे खासगी शहरही याच तालुक्यातलं. जिथं आंबेमोहोर मोजायला मापट्याचा हिशोब चालायचा, तिथं जमीन आता गुंठ्यावर विकली जाते. मुळशीचा आंबेमोहोर मानांकन मिळवून नावाजला, पण तो पिकवायला खाचरं किती उरली ते पौडच्या रस्त्यानं जाताना डोळ्यांनी दिसतं. पारनेर तालुक्यात सुप्याला एमआयडीसी झाली, तेव्हा इथल्याही माणसांनी मोजणीचे दगड पाहिले. कुणी पैशातून बागाईत केली, कुणी गाडी घेतली आणि दोन वर्षांत हात रिकामे झाले. मोबदला मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही, हे बघायला मुळशीपर्यंत जायची गरज नाही.

१८९४ चा कायदा किती वर्षं चालावा? स्वातंत्र्यानंतरही ६६ वर्षं चालला. २०१३ मध्ये नवीन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकार आणि खासगी कंपनी मिळून प्रकल्प असेल तर ७० टक्के. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला. आणि मुळशीच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सातबाऱ्यावर नाव नसलेला कुळ किंवा त्या जमिनीवर राबून पोट भरणारा शेतमजूर, हाही तीन वर्षांपासून तिथं असेल तर बाधित कुटुंब धरला जातो. मुळशीच्या कुळांना हे मिळालं असतं तर सावकार आणि मावळा यांच्यात फट पाडणं इतकं सोपं गेलं नसतं. अर्थात सरकारी प्रकल्पांना ही संमतीची अट नाही, आणि काही कामं दुसऱ्या कायद्यांखाली घेतली जातात. नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याखाली आहे, कोणत्या कलमाखाली आहे, हे पहिल्यांदा वाचावं. हरकतीची मुदत थोडी असते आणि ती नोटिशीतच लिहिलेली असते. तलाठ्याकडं जाऊन सातबारा, फेरफार आणि वारसनोंदी नीट करून ठेवायला मात्र नोटिशीची वाट बघायची गरज नाही.

मुळशीचं धरण अजून चालू आहे. त्याचं पाणी मुळातलं भीमेच्या खोऱ्याचं, म्हणजे पूर्वेला वाहून उजनीकडं जाणारं. वीज करून ते पश्चिमेला कोकणात जातं. हे पाणी पूर्वेकडं वळवावं अशी मागणी पुणे-सोलापूरकडून अधूनमधून होते, विशेषतः उजनी तळाला गेली की. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिका नदीत उतरतं. तिथं कोलाडजवळ पर्यटक रबरी होड्यांतून राफ्टिंग करतात. होड्या किती वाजता सोडायच्या ते वीजघरातून पाणी कधी सुटतं त्यावर ठरतं.